विश्लेषण : बाजारपेठेतली इमारत वाढते, तेव्हा लोणावळेकरांना विचारते कोण?

जुन्या बाजारपेठेतल्या एखाद्या व्यापारी इमारतीवर आणखी मजले चढणार, शेजारचा वाडा घेऊन ती रुंद होणार, अशी कुणकुण लागली की गावात दोन तट पडतात. एक म्हणतो, रस्ता तेवढाच, पाणी तेवढेच, मग ही भर कशाला? दुसरा म्हणतो, जागा त्याची, पैसा त्याचा, गावातल्या पोरांना कामही मिळेल. निवेदने जातात, समाजमाध्यमांवर फोटो फिरतात, कधी मोर्चाही निघतो. तोवर बहुतेक वेळा परवानगीची फाईल पुढे सरकलेली असते. ही केवळ प्रशासनाची लबाडी किंवा नागरिकांचा आळस नाही. नागरिकांनी कधी बोलायचे याची वेळ कायद्यानेच ठरवून ठेवली आहे, आणि ती वेळ इमारत डोळ्यांना दिसू लागण्याच्या फार आधीची आहे.

लोणावळ्यात हा प्रश्न वेगळा का?

लोणावळा नगर परिषदेची स्थापना १८७७ सालची. शहराची वाढ लोहमार्गाच्या दोन्ही अंगांनी झाली. जुना पुणे-मुंबई महामार्ग आजही शहराच्या मधूनच जातो. बाजारपेठेच्या एका बाजूला लोहमार्ग, दुसऱ्या बाजूला महामार्ग, आणि चहूकडे धरणे नाहीतर डोंगर. अशा गावाला पसरायला जागा उरत नाही. म्हणून व्यापार वरच्या दिशेने जातो, किंवा शेजारची जुनी बैठी घरे गिळत आडवा वाढतो.

२०११ च्या जनगणनेत लोणावळ्याची लोकसंख्या ५७ हजार ६९८ होती. पाणी, गटारे, कचरा यांचा हिशोब साधारण अशाच आकड्यांवर मांडला जातो. पण पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी शहर वापरणारी माणसे त्या हिशोबात बसत नाहीत. व्यापारी इमारतीची वाढ मात्र नेमकी त्याच गर्दीसाठी असते. वर्षाला ४ हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणे इथे नवलाचे नाही. अशा ठिकाणी मोकळे अंगण फरशीखाली गेले, तर पाणी कुठून तरी वाट काढतेच. बहुतेक वेळा ती वाट शेजाऱ्याच्या जोत्यातून जाते. बाजारपेठेत दुकान असलेल्या कुणालाही हे सांगावे लागत नाही.

नियमांचाही एक पेच आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. बांधकाम व्यवसायात ती यूडीसीपीआर याच नावाने ओळखली जाते. त्या वेळी काही क्षेत्रे तिच्यातून वगळण्यात आली. मुंबई महापालिका, एमआयडीसी, नैना, गिरिस्थान नगर परिषदा, अधिसूचित पर्यावरण संवेदनशील क्षेत्रे ही त्यांत होती, आणि नाव घेऊन वगळलेली लोणावळा नगर परिषदही होती. तळेगाव दाभाडे किंवा वडगावच्या इमारतीचे गणित उचलून लोणावळ्याला लावण्याची चूक इथेच होते. एकाच मावळ तालुक्यात काही मैलांच्या अंतरावर नियमांचे पुस्तक बदलते.

हा फरक किती मोठा असू शकतो, यासाठी एक उदाहरण पुरेसे आहे. राज्याच्या त्या नियमावलीत मूळ चटईक्षेत्र, अधिमूल्य भरून मिळणारे चटईक्षेत्र आणि टीडीआर यांच्या बेरजेवर आणखी पूरक चटईक्षेत्र मिळते. निवासी वापराला ते ६० टक्क्यांपर्यंत आणि अनिवासी वापराला ८० टक्क्यांपर्यंत आहे, अर्थात अधिमूल्य भरून. म्हणजे दुकाने, कार्यालये, हॉटेले यांना घरांपेक्षा जास्त सवलत. नियमावली करताना त्यामागे काही विचार असेलही, पण दाट बाजारपेठेत तिचा परिणाम काय होतो हे वेगळे सांगायला नको. म्हणून लोणावळ्यातल्या कोणत्याही प्रस्तावावर मत देण्याआधी पहिला प्रश्न एकच विचारावा : या जागेला कोणती नियमावली आणि तिची कोणत्या तारखेपर्यंतची दुरुस्ती लागू आहे? हे लेखी घ्यावे. तोंडी उत्तरे टेबलागणिक बदलतात.

परवानगी मिळते कशी?

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा या साऱ्याचा पाया आहे. मालक कलम ४४ खाली अर्ज करतो. नियोजन प्राधिकरण, म्हणजे इथे नगर परिषद, कलम ४५ खाली परवानगी देते, अटी घालून देते किंवा नाकारते. जुन्या इमारतीवर मजला वाढवायचा असला तरी मार्ग हाच : सुधारित नकाशे, पाया आणि खांब जादा भार पेलतील याचा संरचना अभियंत्याचा दाखला, वाहनतळाचा हिशोब, अग्निशमनाची पूर्तता.

या प्रवासात शेजाऱ्याला नोटीस देण्याची तरतूद नाही. जाहीर हरकती मागवण्याचीही नाही. उलट प्राधिकरणाने ६० दिवसांत निर्णय कळवला नाही आणि नकाशा नियमांत बसत असेल, तर परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूद त्याच कलमात आहे. निर्णय पटला नाही तर कलम ४७ खाली ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते, पण ते अर्जदाराला, म्हणजे मालकाला. परवानगी मिळाल्यामुळे ज्याचे नुकसान होणार आहे, त्याला या कलमात जागा नाही. त्याच्यापुढे उच्च न्यायालयाची रिट याचिका उरते. बाजारपेठेतल्या किराणा दुकानदाराने वकील करून मुंबईला किती फेऱ्या मारायच्या, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात येत नाही.

यामागचा तर्क असा, की जमिनीच्या वापराबाबतचा सार्वजनिक वाद विकास आराखडा करतानाच मिटलेला असतो. आराखड्यात एखादी पट्टी व्यापारी म्हणून रंगवली, रस्त्याची रुंदी ठरली, चटईक्षेत्र निर्देशांक ठरला, की पुढे प्रत्येक इमारतीसाठी गावसभा भरवायची गरज नाही. नियमात बसते की नाही एवढेच तपासायचे. तर्क चुकीचा नाही. प्रत्येक नकाशावर मतदान घेतले तर गावात एकही वीट रचली जाणार नाही, आणि ज्याचे राजकीय वजन कमी त्याची फाईल कायमची अडकेल. अडचण आहे ती आराखड्याच्या वेळी वाद खरोखर होतो का, ही.

मग हरकत घ्यायची केव्हा?

दोन दारे आहेत. पहिले दार प्रारूप विकास आराखड्याचे. कलम २६ खाली आराखडा प्रसिद्ध होतो, हरकती-सूचनांसाठी साधारण ३० दिवसांची मुदत असते, आणि कलम २८ खाली नियोजन समिती सुनावणी घेते. हे दार वारंवार उघडत नाही. कलम ३८ नुसार आराखड्याची सुधारणा २० वर्षांतून किमान एकदा करायची असते, आणि प्रत्यक्षात तेवढ्यात झाली तरी नशीब म्हणायचे. आज २५ वर्षांचा असलेला दुकानदार मागच्या वेळी शाळेत होता, पुढच्या वेळी पोक्त झालेला असेल.

दुसरे दार कलम ३७ चे. मंजूर आराखड्यात किंवा नियमावलीत किरकोळ फेरबदल करायचा असेल, तर नगर परिषदेला नोटीस प्रसिद्ध करून एका महिन्यात हरकती मागवाव्या लागतात, सुनावणी द्यावी लागते आणि प्रस्ताव शासनाकडे पाठवावा लागतो. एखाद्या भूखंडाचे आरक्षण उठवून तो व्यापारी वापरात आणायचा असेल, तर वाट इथूनच जाते. व्यापारी इमारतीच्या विस्तारासाठी असा फेरबदल लागणार आहे का, हे कळणे म्हणूनच फार महत्त्वाचे. लागणार असेल तर नागरिकांच्या हातात खरे हत्यार आहे. लागणार नसेल तर हजार सह्यांचे निवेदनही कायद्याच्या दृष्टीने फक्त कागद. नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते, बारीक टायपात, सर्व्हे क्रमांक आणि हिस्सा क्रमांकांच्या भाषेत. ‘जयचंद चौकाजवळची इमारत’ असे त्यात कुणी लिहीत नाही.

लोक या दारातून येतच नाहीत, असे मात्र कुणी म्हणू नये. पुण्याच्या जुन्या हद्दीचा प्रारूप आराखडा मार्च २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा सुमारे ८७ हजार हरकती आल्या. पुढे २०१५ मध्ये राज्य सरकारने तो आराखडा महापालिकेकडून काढून घेतला, समिती नेमली, आणि जानेवारी २०१७ मध्ये मंजुरी दिली. मावळच्या ग्रामीण भागाला जवळचे उदाहरण पीएमआरडीएचे. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या या प्राधिकरणाने २०२१ मध्ये आपला प्रारूप आराखडा प्रसिद्ध केला. त्यावर सुमारे ६७ हजार हरकती आल्या, सुनावण्या झाल्या, वाद न्यायालयात गेला, आणि २०२५ मध्ये तो आराखडाच रद्द करण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला. हरकती घेणाऱ्यांचा हा विजय म्हणावा की चार वर्षांची माती? दोन्ही म्हणता येईल. आराखडा गेला, पण आराखडा नसताना बांधकामे थांबली नाहीत. ती जुन्या प्रादेशिक योजनेच्या आधाराने चालूच राहिली. आराखडा रद्द झाल्याने गाव वाचले, ही समजूत म्हणून अर्धीच खरी.

पर्यावरण मंजुरीत जनसुनावणी होत नाही का?

‘जनसुनावणी घ्या’ ही मागणी अशा प्रत्येक वादात ऐकू येते. केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकाम प्रकल्पांना पूर्व-मंजुरी लागते. बाजारपेठेतल्या बहुतेक इमारती या आकड्याच्या आसपासही जात नाहीत. आणि जातात त्यांनाही सार्वजनिक सल्लामसलतीच्या टप्प्यातून याच अधिसूचनेने सूट दिली आहे. खाणीला जनसुनावणी, मॉलला नाही.

विरोधाला यश कुठे आले?

पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर ही काही व्यापारी इमारत नव्हे, पण मध्यवस्तीतली वास्तू पाडून मोठी करण्यावर लोक कसे व्यक्त होतात, हे समजून घ्यायला तिच्याइतके जवळचे उदाहरण नाही. १९६२ मध्ये खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते भूमिपूजन झालेले आणि २६ जून १९६८ रोजी सुरू झालेले हे नाट्यगृह पाडून तिथे मोठे संकुल उभारण्याचा विचार महापालिकेत २०१८ मध्ये पुढे आला. रंगकर्मी, प्रेक्षक, जुने पुणेकर यांच्याकडून विरोध झाला. २०२२ मध्ये प्रस्तावाने पुन्हा उचल खाल्ली. एकाऐवजी तीन नाट्यगृहांचे चित्र दाखवले गेले. कलावंतांमध्येच दोन मते पडली. सोयी हव्यात यावर दुमत नव्हते, पण पाडून की दुरुस्त करून, यावर होते. विरोध वाढला आणि प्रस्ताव मागे पडला.

मुंबईतले महात्मा जोतिबा फुले मंडई, म्हणजे क्रॉफर्ड मार्केट, हे तर नखशिखांत व्यापारी उदाहरण. विल्यम इमर्सन यांच्या आराखड्यानुसार १८६९ मध्ये उभी राहिलेली ही मंडई वारसा वास्तूंच्या पहिल्या श्रेणीत आहे. २००७ च्या सुमारास खासगी विकासकामार्फत मंडईच्या आवाराचा पुनर्विकास करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा वारसाप्रेमींनी आणि नागरिकांनी त्याला कडाडून विरोध केला. अखेर मूळ वास्तू राखून दुरुस्ती आणि पुनर्बांधणीची कामे महापालिकेनेच टप्प्याटप्प्याने हाती घेतली.

दोन्ही ठिकाणी विरोध चालला याचे कारण भावनेत शोधू नये. दोन्ही वास्तू महापालिकेच्या मालकीच्या होत्या. निर्णयासाठी लोकप्रतिनिधींच्या सभेत जावे लागत होते, आणि लोकप्रतिनिधींना मतदारांसमोर. शिवाय एकीला वारसा श्रेणीचे कवच होते. खासगी इमारतीला यातले काहीच लागू होत नाही. लोणावळ्यात नगर परिषदेच्या स्वतःच्या मंडईचा किंवा गाळ्यांच्या संकुलाचा विस्तार निघाला, तर सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल. जागा कुणा विकासकाला द्यायची म्हटली, तर नगर परिषदा अधिनियम, १९६५ च्या कलम ९२ चे शासन मंजुरीचे बंधन येईल. तिथे नागरिकांचा आवाज पोहोचू शकतो. खासगी मालकाच्या नकाशाला सभेच्या ठरावाची गरज नसते.

इमारतीत आधीपासून असलेल्या गाळेधारकांचे काय?

सगळ्यात भक्कम हक्क शेजाऱ्यांकडे नसून इमारतीच्या पोटात बसलेल्या गाळेधारकांकडे असतात, आणि चर्चेत नेमके तेच गप्प असतात. १९६३ च्या महाराष्ट्र सदनिका मालकी कायद्यात, म्हणजे मोफात, ‘सदनिका’ या शब्दात दुकान, कार्यालय, गोदामही येते. या कायद्याच्या कलम ७ नुसार, नकाशे दाखवून गाळे विकल्यानंतर इमारतीत भर घालायची तर गाळा घेणाऱ्यांची आधी संमती घ्यावी लागते. मंजूर आराखड्यात पुढचे टप्पे आधीच उघड केले असतील तर काय, यावर न्यायालयात बराच खल झाला आहे. म्हणून गाळा घेतानाचा करार काढून वाचावा. रेरा कायद्याच्या कलम १४ खाली मंजूर नकाशात बदल किंवा भर घालायला दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते.

जुने भाडेकरू वेगळ्या नावेत आहेत. त्यांचे संरक्षण १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्यात आहे, आणि त्यांना सगळ्यात जास्त भीती वाटते ती ‘तात्पुरते बाजूला व्हा’ या शब्दांची. लोणावळ्यासारख्या गावात दोन पावसाळी हंगाम दुकान बंद राहिले, तर गिऱ्हाईक दुसरीकडे वळते. नंतर गाळा परत मिळाला तरी धंदा परत मिळेलच असे नाही. मालकाशी वर्षानुवर्षांचे घरोब्याचे संबंध असल्याने बोलणी तोंडीच होतात. संमतीपत्रावर सही करण्याआधी पर्यायी गाळ्याचे क्षेत्रफळ, मजला, रस्त्याकडचे तोंड आणि परतीची तारीख लिहून घेतलीच पाहिजे. तळमजल्याचा गाळा देऊन दुसऱ्या मजल्याचा घेणे म्हणजे बढती नव्हे.

विरोधात तथ्य किती, राग किती?

दोन्ही आहे. ‘गावाचे गावपण जाईल’ हा आक्षेप कळकळीचा असतो, पण नियमावलीत त्याला रकाना नाही. याउलट जिन्याची रुंदी, बाजूचे अंतर, अग्निशमन बंब आत वळेल का, तळघरातल्या वाहनतळाचा उतार प्रत्यक्षात गाडी चढेल असा आहे का, पावसाचे पाणी कोणत्या गटारात सोडले आहे, हे आक्षेप मोजता येतात. त्यांना लेखी उत्तर द्यावे लागते. वाहनतळाच्या जागेत नंतर गोदाम किंवा स्वयंपाकघर निघणे हा तर राज्यभरातला जुना रोग आहे.

विरोधकांमध्ये प्रतिस्पर्धी व्यापारीही असतात, आणि स्वतः दोन मजले बेकायदा चढवलेलेही. हे पाहून मालक म्हणतो, ‘मी परवानगी मागितली म्हणून मलाच का?’ त्याच्या या प्रश्नात दम आहे. रीतसर अर्ज करणारा वादात सापडतो आणि गुपचूप पत्रे ठोकणारा सुटतो, अशी व्यवस्था असेल तर पुढच्या वेळी तोही अर्ज करणार नाही.

परवानगीपेक्षा जास्त बांधले तर?

इथे मात्र नागरिकांची बाजू अलीकडे बळकट झाली आहे. मेरठमधल्या निवासी भूखंडावर उभ्या राहिलेल्या दुकानांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ रोजी देशभरासाठी निर्देश दिले. बांधकाम चालू असेपर्यंत मंजूर नकाशाची प्रत जागेवर लावायची, अधिकाऱ्यांनी वेळोवेळी पाहणी करून तिची नोंद ठेवायची, पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला असल्याशिवाय वीज-पाणी जोडणी द्यायची नाही, अनधिकृत इमारतीत धंद्याचा परवाना द्यायचा नाही, बँकांनी दाखला पाहूनच कर्ज द्यायचे, आणि कुचराई करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करायची. माहिती अधिकारात नकाशा मागितला की ‘त्रयस्थ पक्षाची माहिती’ असे उत्तर अनेकांनी ऐकले असेल. जो नकाशा रस्त्यावरच लावायचा आहे तो गोपनीय कसा, असे आता विचारता येईल.

अंमलबजावणी सर्वांना सारखी होते का, हा लोणावळ्यातला हळवा विषय आहे. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या वरच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर पर्यटनस्थळांवरच्या अनधिकृत टपऱ्यांवर तातडीने कारवाई झाली. कारवाई चूक होती असे कुणी म्हणणार नाही. पण भुट्टा विकणाऱ्याची टपरी काही दिवसांत उठते आणि पक्क्या इमारतीच्या जादा मजल्याची नोटीस सुनावणी, नियमितीकरणाचा अर्ज आणि स्थगिती यांतून वर्षानुवर्षे फिरते, हे सगळे गाव पाहते. बाजारपेठेतल्या नव्या प्रस्तावावरची प्रतिक्रिया इतकी तिखट येते, ती बरीचशी या जुन्या हिशोबामुळे.

जवळपास चार वर्षांच्या प्रशासकीय कारभारानंतर डिसेंबर २०२५ मध्ये नगर परिषदेच्या निवडणुका झाल्या. आराखड्यातला फेरबदल, नियमावलीतली दुरुस्ती, नगर परिषदेच्या जागांचे ठराव हे आता पुन्हा निवडून आलेल्यांच्या सभेपुढे येतील. अर्ज कोणत्या इमारतींसाठी आले, कोणते मंजूर झाले आणि कलम ३७ ची कोणती नोटीस कोणत्या तारखेला संपते, याची यादी सोप्या मराठीत, चौकाच्या आणि रस्त्याच्या नावासह, दर महिन्याला नगर परिषदेच्या फलकावर लावायला कायद्याची आडकाठी नाही. सभेचा एक ठराव पुरेसा आहे.